पाटीवर न मावलेलं

अहो आई,

तेरावं होऊन आज चार दिवस झाले. पाहुणे गेले, भाड्याच्या सतरंज्या परत गेल्या, तुमच्या खोलीतला ऑक्सिजनचा सिलिंडर ज्याचा त्यानं नेला. पाटी तेवढी अजून जागेवर आहे. पलंगाशेजारच्या टेबलावर तुमचा लॅपटॉप, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून जुना मॉनिटर, समोरच्या खुर्चीकडे तोंड करून. मिलिंदनं दोनदा विचारलं, "आवरून टाकू का हे?" दोन्ही वेळा मी म्हटलं, मी आवरते. अजून आवरलेलं नाही.

मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती अगदी सुरुवातीपासून सांगणार आहे. तुमच्याच पद्धतीनं. वरणात मीठ कमी पडलंय हे सांगायला तुम्ही गुहागरच्या कुठल्यातरी आतेच्या लग्नापासून निघायचात. वाटेत दोन मुंजी, एक मोडलेली सोयरीक आणि विहिरीत पडलेली कळशी लागायची, आणि मग मीठ. तोवर आमचं जेवण उरकलेलं असायचं. आमच्या कल्याणच्या घरी बोलणं म्हणजे कामापुरतं. बाबा तर दिवसाला दहा वाक्यं बोलत असतील. लग्नानंतर तुम्ही मला दारात अडवलंत, नाव घे म्हणालात, आणि मी "मिलिंदरावांचं नाव घेते, आत येऊ का?" एवढंच म्हणून माप ओलांडलं. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "एवढं आखूड?" म्हणालात.

तुमच्या आवाजाबद्दल मी कधी चांगलं बोलले नाही, म्हणून आता बोलते. मंगळागौरीच्या खेळांचा तुमचा गट डोंबिवलीत जिथे जिथे जायचा तिथे माईक असायचा आणि तुम्ही तो बाजूला सारायचात. हॉलच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या बाईला तुमची ओळ ऐकू यायची. घरात तोच आवाज मला सकाळी सहा वाजल्यापासून ऐकू यायचा. मी कितीदा तरी मनात म्हटलंय, या बाई जरा गप्प बसतील तर बरं. मनातच म्हटलं होतं, तरी लिहिताना हात थांबला.

आवाज बसला तेव्हा तुम्ही म्हणालात, झिम्म्याची गाणी जरा जास्त झाली. तीन महिने मीठपाण्याच्या गुळण्या केल्यात. मग ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी कागदावर घशाचं चित्र काढलं, त्यातल्या एका भागावर आडवी रेघ मारली आणि हे काढावं लागेल म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही दिवसभर बोलत होतात. नर्सशी, शेजारच्या पेशंटशी, लिफ्टमनशी. माझ्याशी मात्र शेवटचं वाक्य बोललात ते "डबा नेलास का?" मी हो म्हटलं.

घरी आल्यावर तुम्ही वहीत लिहायला लागलात. पण केमोनं बोटं बधिर झाली आणि अक्षर पसरत गेलं. वाचताना आम्ही अंदाज बांधायचो, आणि अंदाज चुकला की तुम्ही वही फेकायचात. पेन धरवत नव्हतं, एका बोटानं कळ मात्र दाबता येत होती. म्हणून मी पाटी केली. त्याचं श्रेय घ्यावं असं त्यात काही नव्हतं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबत टीकिंटर नावाचं, खिडक्या-बटणं तयार करायचं टूलकिट आयतं मिळतं. त्यात खिडकी काढायची, खाली लिहायला एक चौकोन, आणि समोरच्या मॉनिटरवर दाखवायला दुसरी खिडकी. तुम्ही तुमच्या चौकोनात लिहायचं, एंटर दाबलं की खुर्चीवरच्या माणसाला ते मोठ्या अक्षरात दिसायचं. शनिवार-रविवारात झालं. मॉनिटरची पाठ तुमच्याकडे होती, म्हणजे समोरच्याला काय दिसतंय ते तुम्हाला दिसायचं नाही. ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षातही आली नाही.

मला वाटलं होतं काम झालं. तुमच्या दृष्टीनं ते तेव्हा सुरू झालं. "हे अक्षर कुणाचं?" तुम्ही लिहिलंत. मी म्हटलं, कुणाचं म्हणजे? फाँट आहे, आई. तुम्ही लिहिलंत, "हा माझा आवाज नाही. हा पोस्टातला कारकून बोलतोय." मग पुढचे दोन रविवार आपण यादीतला एकेक फाँट लावून बघत बसलो. एक तुम्हाला टीव्हीवर बातम्या देणाऱ्या पोरीसारखा वाटला, एक "नुकताच दाढी करून आलेला". शेवटी एक जाडजूड, भक्कम शिरोरेघेचा सापडला. तुम्ही तुमचं नाव लिहून बराच वेळ बघत बसलात आणि मान हलवलीत. मी त्याचं नाव कोडमध्ये दोन्ही खिडक्यांसाठी घातलं, मॉनिटरवर आकार बहात्तर ठेवला, तुमच्या चौकोनात अठरा.

मग रागाचं काय, असं विचारलंत. ठळक अक्षराला वेगळं बटण दिलं. टोमण्याचं काय? मी म्हटलं, टोमणा कशाला हवाय आता. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की टोमण्याची गरजच उरली नाही. टूलकिटमध्ये अक्षर तिरकं करायची सोय आहे, ती टोमण्याला दिली. आपल्या अक्षरांना तिरकं होणं शोभत नाही, वाऱ्यावर कलल्यासारखी दिसतात, पण तुम्ही खूश झालात. पहिला टोमणा मलाच मिळाला, पोळ्यांवरून. अधोरेखित म्हणजे "ऐकलंस का?" हे मिलिंदसाठी.

आणि खोडणं. अक्षरांवरून आडवी रेघ मारायचीही सोय त्यात आहे हे मीच तुम्हाला सांगून बसले. तुम्ही लगेच ती मागितलीत. पुसायचं बटण नको, खोडायचं दे. तुम्ही लिहिलंत, "बोलून गेलेलं कधी पुसलं जातं का? मागे घेता येतं, पण लोकांनी ऐकलेलं असतं." मी म्हटलं, पुढच्या रविवारी करते. एक शैली द्यायची होती, चार ओळींचं काम. किती रविवार गेले ते मी मोजत नाही.

तुमचं सगळं लिहिलेलं सुरुवातीला एका फाइलीत साठत होतं. मिलिंदनं एकदा ती उघडून कौतुकानं मोठ्यांदा वाचून दाखवली आणि तुम्ही ठळक अक्षरात लिहिलंत, "तुम्ही बोलता ते हवेत जातं. माझंच तेवढं का धरून ठेवायचं?" फाइलीत साठवणारी कोडमधली ओळ मी काढून टाकली. तुमचं बरोबर होतं. आज मात्र वाटतं, तेव्हा तुमचं ऐकायला नको होतं.

पाटी माझ्या लॅपटॉपवरून काढून मिलिंदचा जुना लॅपटॉप तुम्हाला दिला तेव्हाची गोष्ट आठवते? तुम्ही दोन शब्द लिहिलेत आणि थांबलात. मग लिहिलंत, "हे माझं अक्षर नाही." मी म्हटलं, तेच आहे. कोड उघडून फाँटचं नाव दाखवलं. हे बघा, तुमचंच. तुम्ही लॅपटॉप मिटलात आणि तीन दिवस एक अक्षर लिहिलं नाहीत. मी मिलिंदला म्हटलं, रुसल्यात, येतील ताळ्यावर. चौथ्या दिवशी ऑफिसचं काम संपल्यावर मी टूलकिटलाच विचारलं, तू खरोखर कुठला फाँट वापरतोयस? तसं विचारायची सोय आहे, पण कुणी विचारत नाही. उत्तर भलतंच आलं. तुमचा फाँट त्या लॅपटॉपवर नव्हताच. अशा वेळी टूलकिट तक्रार करत नाही, चूक दाखवत नाही, गुपचूप दुसरा फाँट आणून बसवतं आणि पुढे जातं. मी तुमचा फाँट त्यावर टाकला. तुम्ही लिहिलंत, "आले परत." मी चहा ठेवायला गेले. चुकलं माझं, एवढं म्हणायचं होतं. ते राहिलं.

आता पाटीच्या मापाबद्दल. पहिल्यांदा मी लांब वाक्याच्या दोन-तीन ओळी पाडत होते, पण वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळायचे आणि काहीच वाचता यायचं नाही. ओळींमध्ये अंतर सोडायची सोय दुसरीकडे होती, ती शोधायचा मी कंटाळा केला. त्याऐवजी सगळं एकाच ओळीत ठेवलं, आणि वाक्य मावेना की अक्षराचा आकार दोन-दोननं कमी करत जायचं असं लिहिलं. मावेपर्यंत कमी कर. शून्य झालं तर टूलकिट आपल्या मनाचा आकार धरतं, म्हणून एकवर थांब. एवढा विचार मी केला होता. एक आकाराचं अक्षर माणसाला वाचता येईल का, हा केला नव्हता.

त्यामुळे घरात नियम झाला. आई, छोटं लिहा, म्हणजे मोठं दिसेल. मिलिंद म्हणायचा, शेजारच्या काकू म्हणायच्या, सगळ्यात जास्त मी म्हणायचे. आणि तुम्ही शिकलात. गुहागरची आते गेली, मुंजी गेल्या, कळशी गेली. "मीठ." एवढंच यायला लागलं, बहात्तरच्या आकारात. खरं सांगते, मला बरं वाटायचं. या घरात पंधरा वर्षं मी तुमची वाक्यं संपायची वाट बघत उभी राहिले होते. आता तुम्ही किती बोलायचं ते माझ्या कोडमधली एक ओळ ठरवत होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आणि आता ते. नऊ वर्षांपूर्वीची ऋषिपंचमी. घरी दीड दिवसाचा गणपती, मी सोवळ्यात, मोबाइल आतल्या कपाटात. सकाळी माझ्या भावाचा घरच्या फोनवर फोन आला आणि तो तुम्ही घेतलात. बाबा गेले. तुम्ही त्याला म्हणालात, "सांगते तिला." आणि आत येऊन मला म्हणालात, "नैवेद्याचं पान वाढायला घे." घरात बाप्पा असताना अशी बातमी आत आणत नाहीत, हे तुमचं म्हणणं. मी पान वाढलं. आरतीला टाळ वाजवले. विसर्जन करून आल्यावर, चार वाजता, तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवलंत आणि सांगितलंत. डोंबिवलीहून कल्याण रिक्षानं अर्धा तास. मी पोचले तेव्हा भाऊ स्मशानातून परत येऊन अंघोळ करत होता. त्यानं तीनपर्यंत वाट बघितली होती.

त्या रात्री आपण भांडलो. शेजाऱ्यांनी दारं उघडली एवढं भांडलो. तुम्ही म्हणालात, "माझ्या आईच्या वेळी मलाही असंच सांगितलं होतं, मी सोसलं." मी म्हटलं, म्हणून मीही सोसायचं? त्यानंतर नऊ वर्षं तो विषय आपण काढला नाही. मोदक दर वर्षी केले. मी तुमच्या सोबतीला ठाण्याला किती खेपा घातल्या, गळ्यातल्या भोकाची नळी रोज स्वच्छ केली, आणि लोक म्हणाले सून असावी तर अशी. त्या प्रत्येक दिवशी माझ्या मनात चार वाजलेले होते.

तुमच्या शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी मी नळी साफ करून दिल्यावर तुम्ही पाटीवर लिहिलंत, "बाबांची तिथी?" मी म्हटलं, पंचमी. तुम्हाला माहीत नाही का? माझ्या आवाजाला टोमण्याच्या बटणाची गरज नव्हती. तुम्ही मान खाली घातलीत.

दुपारी मी बाहेरच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. तुमच्या खोलीतून कळांचा आवाज येत होता. एका बोटाचा, थांबून थांबून. पंधरा-वीस मिनिटं तरी येत होता. मग तुम्ही टेबलावर टिचकी मारलीत, बोलावल्यासारखी. मी एका कानातला इअरफोन काढून दारात आले. मॉनिटरवर एक करडी रेघ होती, दोऱ्याएवढी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं स्क्रीन बिघडली, किंवा हात एखाद्या कळेवर राहिला. मीटिंगमध्ये कुणीतरी माझं नाव घेत होतं. मी म्हटलं, "अहो आई, छोटं लिहा ना. मीटिंग आहे माझी."

तुमचे दोन्ही हात मांडीवर होते. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघत होतात. मग पुसायचं बटण दाबलंत आणि दोन शब्द लिहिलेत.

"राहू दे."

ते छान मोठं दिसलं. मी बरं म्हटलं आणि परत गेले. बुधवारी तुम्ही "चहा" लिहिलंत, "पंखा" लिहिलंत, "मिलू आला?" लिहिलंत. गुरुवारी सकाळी श्वास लागला. हॉस्पिटलात पाटी नेलीच नव्हती.

काल बाळकुमहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या वडिलांचंही तुमच्यासारखंच ऑपरेशन झालंय, हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी माझा नंबर दिला. पाटी मिळेल का विचारत होत्या. मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "बाबा फार पाल्हाळ लावतात हो. यानं थोडक्यात सांगायची सवय लागेल ना त्यांना?" मी म्हटलं, उद्या कळवते, आणि फोन ठेवला.

द्यायच्या आधी तपासून बघावं म्हणून तुमच्या जागी बसले. आजवर मी तिथे कधी बसलेच नव्हते. पाच-सात वाक्यं लिहिली, काहीबाही. माझ्यासमोर तुमच्या चौकोनात ती स्वच्छ दिसत होती, अठराच्या आकारात, एकेक शब्द वाचता येत होता. एंटर दाबलं, उठले, वळसा घालून खुर्चीपाशी गेले. मॉनिटरवर करडी रेघ होती. मंगळवारी दुपारी होती तीच.

मी खुर्चीत बसून राहिले. तुम्हाला रेघ माहीतच नव्हती, आई. तुमच्या बाजूला सगळं नीट लिहिलेलं दिसत होतं. म्हणजे तुम्हाला वाटलं असणार की मी दारात उभी राहून ते वाचलं. तिथीचं विचारून झाल्यावर, बधिर बोटानं वीस मिनिटं लावून तुम्ही जे लिहिलंत, ते सगळं मी वाचलं आणि म्हणाले, छोटं लिहा, मीटिंग आहे.

तुम्ही हेच मनात घेऊन गेलात. मला ते आता कुणाकडेही जाऊन दुरुस्त करता येत नाही.

त्यात काय होतं, याचा मी कालपासून विचार करतेय. कदाचित माफी असेल. कदाचित "मी केलं तेच बरोबर होतं" हेही असेल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तुमच्या आईच्या वेळचं काहीतरी असेल. किंवा खरोखरच मीठ असेल. तुमचा मुद्दा शेवटी यायचा, त्यामुळे सुरुवातीचे चार शब्द दिसले असते तरी मला कळलं नसतं. फाइल नाही. खोडायची सोय केली असती तर तुम्ही पुसलं नसतंत, खोडलं असतंत. रेघेखालचं मला आज वाचता आलं असतं. चार ओळींचं काम होतं.

आज सकाळी पाटी बदलायला घेतली. आकार छत्तीसच्या खाली जाणार नाही. मावलं नाही तर ओळी पडतील, मधे अंतर राहील, आणि पुढचं वाचायला समोरच्या माणसाला बटण दाबावं लागेल. त्याला पाटीपाशी यावं लागेल, बसावं लागेल. लिहिणाऱ्यालाही समोर काय दिसतंय ते आपल्या खिडकीत दिसेल. पुसायचं बटण काढलं, खोडायचं दिलं. तासाभरात झालं. बाळकुमच्या बाईंना फोन करून सांगितलं, यानं थोडक्यात बोलायची सवय लागणार नाही, तुम्हालाच थांबायची लावून घ्यावी लागेल. त्या म्हणाल्या, "चालेल. रविवारी येऊ का?"

नवी पाटी त्यांच्यासाठी. हे सगळं मात्र मी तुमच्या जागी बसून, जुन्याच पाटीवर, तुमच्या अक्षरात लिहिलं. सकाळपासून लिहितेय. ज्या वेळी हे म्हणायला हवं होतं तेव्हा म्हटलं नाही, म्हणून आता म्हणते. फाँटच्या वेळी तुमचं बरोबर होतं. ऋषिपंचमीचं मी अजून माफ केलेलं नाही. ते तुमच्या तोंडून पूर्ण ऐकून घ्यायला मी बसायला हवं होतं, कितीही वेळ लागला असता तरी. चुकलं माझं. मग एंटर दाबलं.

आत्ता मिलिंद आत आला आणि खुर्चीपाशी थांबला. मॉनिटरकडे बघून म्हणाला, "अगं, पाटीची स्क्रीन गेली वाटतं. नुसती रेघ येतेय."

राहू दे, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"रेघ नाहीये ती," मी म्हटलं. "खुर्ची घेऊन इकडे ये, माझ्या बाजूला. वेळ लागेल."

त्यानं खुर्ची उचलली.